पाण्याची ईसी मोजताना तापमानाच्या या चुका टाळा

ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, त्यावरून पाण्यात किती क्षार आहेत ते कळतं. तिचं रीडिंग दर अंश सेल्सिअसला साधारण २ टक्क्यांनी बदलतं, म्हणून सगळे आकडे २५ अंशांवर आणून बोलायचे असतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे डबल करेक्शन. मीटरमध्ये एटीसी (तापमानाचं करेक्शन आपोआप करणारी सोय) चालूच असतो, म्हणजे आकडा आधीच २५ अंशांवर आणलेला असतो, आणि मग कुणीतरी एक्सेलमध्ये परत फॉर्म्युला लावतं. माझ्याकडून हेच झालं होतं. टाकीचं पाणी दुपारी २५ अंशांना १०००, पहाटे १५ अंशांना १२५०. आम्ही समजलो रात्रीतून कुठूनतरी क्षार येतायत, तीन आठवडे शोधत बसलो, टाकी दोनदा धुतली. खरं तर पहाटेचं कच्चं रीडिंग ८००, मीटरने ०.८ ने (१० अंशांचे २० टक्के कमी, म्हणून ०.८) भागून १००० केलं आणि माझ्या शीटने पुन्हा ०.८ ने भागलं. तेव्हापासून वहीत तीन गोष्टी लिहितोच: आकडा, तापमान, एटीसी चालू की बंद.

शंका आली तर एकच पाणी दोन बंद बाटल्यांत घ्या, एक थंड, एक कोमट, आणि मोजा. थंड कमी दाखवत असेल तर करेक्शन लागतच नाहीये, थंड जास्त दाखवत असेल तर बहुतेक दोनदा लागतंय.

दुसरं, घाई. प्रोब (मीटरचा पाण्यात बुडवायचा भाग) बुडवला की पाच सेकंदात आकडा लिहून मोकळे. अरे, इलेक्ट्रोडला पाणी लगेच कळतं पण तापमानाचा सेन्सर प्रोबच्या आत असतो, त्याला वेळ लागतो. गरम हातातला प्रोब थंड पाण्यात घातला तर तो पाणी गरमच समजतो आणि रीडिंग कमी येतं. मी तापमानाचा आकडा थांबेपर्यंत हलवत राहतो, मग अर्धा मिनिट अजून. नवीन लोकांना हे अर्धं मिनिट का जड जातं कळत नाही.

कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर जुळवून घ्यायच्या द्रावणाच्या बाटलीवरचे १४१३ मायक्रोसीमेन्स (ईसीचं एकक) हे २५ अंशांचे, २० अंशांना तेच द्रावण १२७८ असतं. एटीसी बंद ठेवून १४१३ वर सेट केलंत तर पुढचं सगळं चुकलं.

काही मीटर २० अंशांवर आणतात, सेटिंग बघा, नाहीतर दोन मीटरमध्ये दहाएक टक्के फरक येतो.

आणि अतिशुद्ध पाण्याला २ टक्के लावू नका, तिथे बदल ५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यासाठी वेगळा मोड असलेलाच मीटर लागतो.