डॅटसन २४०झेड उभी करायचीय? आधी फ्लोअर आणि रेल, बाकी सगळं नंतर

जुनी २४०झेड, म्हणजे डॅटसनची जपानी स्पोर्ट्स कार, घ्यायची आणि गॅरेजमधे सावकाश दुरुस्त करून परत उभी करायची असं डोक्यात असलेले बरेच जण विचारतात, सुरुवात कुठून करू. तोपर्यंत त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की पहिल्यांदा तीन वेबर कार्ब (कार्ब्युरेटर) लाव, नाहीतर सस्पेन्शन खाली घे, नाहीतर सरळ मोठं इंजिन टाक. हे सगळे सल्ले बाजूला ठेवा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हीच चेसिस, आणि तो पत्रा बऱ्याच ठिकाणी एक मिमीपेक्षाही पातळ. त्यातलं एल२४ इंजिन, २३९३ सीसी, सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, हे दणकट काम आहे, वर्षानुवर्षं बंद पडलेलंसुद्धा बऱ्याचदा जागं होतं. पत्रा मात्र एकदा खाल्ला गेला की खाल्ला गेला.

१९७० मधे ही अमेरिकेत आली तेव्हा किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. डॅटसनचा इथला कारभार बघणारे युताका कातायामा यांना सामान्य माणसाला परवडेल अशीच स्पोर्ट्स कार हवी होती, आणि लोकांनी खरंच ती रोजच्या वापराला घेतली, ऑफिसला नेली, बर्फात मिठात पळवली. मी न्यू जर्सीत राहतो, इथे दर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, आणि इथल्या झेडखाली वाकून बघितलं की ते मीठ काय करतं ते दिसतं. जमलं तर कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा कोरड्या भागातली गाडी घ्या, ट्रकचं भाडं गेलं तरी चालेल. गंजकी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊ नका, वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट नुसत्या पत्राकामात जातात.

बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि एक जाडसर स्क्रू ड्रायव्हर न्या. बॅटरीच्या ट्रेखाली बघा, ॲसिड गळून तिथला पत्रा आणि खालची रेल दोन्ही जातात. दाराच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे जो कोपरा असतो, ज्याला इकडे डॉगलेग म्हणतात, तिथे चुंबक चिकटत नसेल तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. वायपरखालच्या जाळीतून पावसाचं पाणी आत उतरतं आणि फेंडरच्या मागून खाली जातं, तिथे पानं अडकलेली असली की पाणी साचून आतून सडतं. मागचं चाक ज्या कमानीत बसतं तिथे आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे असतात, त्यांच्या सांध्याला बोट लावून बघा. हेडलाइटच्या मागे आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. डॅशवरच्या पट्टीवरचा आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ठोकलेला एचएलएस३० ने सुरू होणारा नंबर जुळतो का ते कागदाशी ताडून घ्या, जुळत नसेल तर सरळ घरी या.

सुटी करणं सोपं आहे. फोटो काढा, बोल्ट पिशव्यांत भरून नावं लिहा. फक्त दारं काढू नका, का ते पुढे येतंय.

आता मुख्य काम, फ्लोअर आणि रेल. मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते यानेच आणि याच्यावरच सगळ्यात जास्त भंपक सल्ले मिळतात. फ्लोअरच्या खालून पुढून मागे जाणाऱ्या दोन रेल असतात, यू आकाराचा पातळ पत्रा फ्लोअरला स्पॉट वेल्ड केलेला, दुसरं काही नाही. जॅक लावायला सोयीच्या दिसतात म्हणून पन्नास वर्षं लोकांनी तिथेच जॅक लावलाय, त्यामुळे बहुतेक गाड्यांत त्या चेपलेल्या असतात, आणि चेपल्या की पाणी आत अडकतं. तुम्ही तरी तिथे लावू नका. पुढे इंजिनखालच्या आडव्या क्रॉसमेंबरखाली लावा, मागे डिफरन्शियलखाली, आणि उचलून झाली की स्टँड.

पहिल्यांदा आतल्या बाजूने फ्लोअरवरचं डांबराचं मॅट काढायचं. हीट गनने करायला जाऊ नका, डांबर वितळून सगळीकडे चिकटतं. ड्राय आइस आणा, फोडून पसरा, वर जुना टॉवेल टाका, थोड्या वेळात मॅट तडतडायला लागतं, मग रबरी हातोडीने ठोकलं की हाताएवढे तुकडे सुटून येतात आणि खाली कारखान्यातला मूळ रंग दिसतो. गॅरेजचं दार सताड उघडं पाहिजे, कारण तो सगळा कार्बन डायऑक्साइड आहे आणि बंद जागेत गुदमरायला होतं. हातमोजे जाड घ्या. मॅट निघालं की फ्लोअर हातोडीने इंचाइंचाला ठोकत जा, चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे मार्करने रेघ मारा आणि रेघेच्या बाहेर आणखी दोन इंच धरा, कारण गंज डोळ्याला दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो.

आता इथे कुणीतरी म्हणणार की गंजावर कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) मार, वर फायबरग्लास लाव, काळा अंडरकोट फवार, झालं. असं केलेल्या गाड्या मी उघडून बघितल्यात, फायबरग्लास सोलला की खालचा पत्रा भुग्यासारखा हातात येतो. सीटचे बोल्ट त्याच फ्लोअरला आहेत, अपघातात तुमचं वजन त्या बोल्टांवर येणार आहे, त्यामुळे इथे मी कुणाचंही ऐकणार नाही. कापायचं आणि नवीन लावायचं.

पण कापायच्या आधी थांबा. ही गाडी सगळी मिळून हजार-साडेदहाशे किलोची, आणि मधला भाग टिकून राहतो तो फ्लोअर, दोन्ही बाजूंचे रॉकर (दाराखालची पत्र्याची पेटी) आणि गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा यांच्यामुळे. फ्लोअर काढला की बॉडी मधे खचायला लागते, एवढी थोडी की डोळ्याला कळत नाही, आणि कळतं तेव्हा नवीन फ्लोअर वेल्ड होऊन गेलेला असतो आणि दार लागत नाही. म्हणून दारं तशीच ठेवायची. कापायच्या आधी दाराभोवतीची फट चारी बाजूंनी मोजा आणि मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. बिजागऱ्या झिजल्या असतील तर आधी त्या ठीक करा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. मग इंचभर चौकोनी पाइप घेऊन दाराच्या चौकटीत आतून, बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत तिरका आडवा वेल्ड करा, दार लागेल अशा बेताने. आणखी एक पाइप डावीकडून उजवीकडे. बॉडी स्टँडवर ठेवताना टेकू सस्पेन्शन जिथे बसतं त्याच्या जवळ द्या, मधोमध देऊ नका, आणि लेव्हलने चारी कोपरे बघा. खाली सस्पेन्शनच्या बोल्टांपासून कर्ण मोजा, डावा पुढचा ते उजवा मागचा आणि उलट, दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. आले नाहीत तर गाडीने पूर्वी कुठेतरी मार खाल्लाय, आधी ती फ्रेम मशीनवर सरळ करून आणा.

आणि एका वेळी एकच बाजू. वेळ वाचतो म्हणून दोन्ही फ्लोअर एकदम काढणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका, पाइप कितीही मारले तरी नाही. ड्रायव्हरची बाजू पूर्ण करा, मोजा, मगच पॅसेंजरच्या बाजूला हात लावा.

कापण्याआधी पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर, पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन त्या भागातून मोकळी, बॅटरी आणि अल्टरनेटर सुटा. कटिंग डिस्कने सरसकट कापू नका. स्पॉट वेल्ड कटर मिळतो, ८ मिमीचा, जुने स्पॉट सीमसीलरखाली (सांधे बुजवायचा लेप) लपलेले असतात ते वायर ब्रशने उघडे करून एकेक सोडवा, म्हणजे कडेचा मूळ पत्रा शाबूत राहतो आणि नवीन पॅनल बसवायला आधार मिळतो. नवीन फ्लोअर पॅन आणि रेल तयार मिळतात, बहुतेक १८ गेजचे, म्हणजे साधारण १.२ मिमी, मूळपेक्षा जाड, ते बरंच आहे. तयार म्हणून लगेच बसतील असं नाही. ठेवायचं, खूण करायची, काढायचं, घासायचं, परत ठेवायचं, कंटाळा येईपर्यंत. क्लॅम्प आणि पत्र्याच्या स्क्रूंनी पूर्ण जागेवर बसवून दार उघडझाप करून बघितल्याशिवाय वेल्डर चालू करायचा नाही.

वेल्डिंग मिगने (वायर आपोआप पुढे सरकवणारा गॅसवाला वेल्डर), ०.६ मिमी वायर, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा गॅस. बिनगॅसची फ्लक्स वायर पातळ पत्र्याला नको, भोकं पडतात आणि शिंतोडे उडतात. पत्रा चमकेपर्यंत घासलेला पाहिजे, सांध्याच्या आत जिथे पत्र्यावर पत्रा येणार तिथे वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा जस्ताचा प्रायमर. कडेला कारखान्यात होते तसेच भोक पाडून प्लग वेल्ड करा, आणि जिथे जुना फ्लोअर अर्धा ठेवलाय तिथे पत्र्याला पत्रा भिडवून. लांब रेघ ओढायची नाही, कधीच नाही. एक टाका मारायचा, लगेच हात उचलायचा, पुढचा टाका लांब दुसऱ्या टोकाला, मग मधे, मग परत इकडे, आणि आधीच्या टाक्यावर उघडा हात ठेवता येईल इतका गार झाल्याशिवाय त्याच्या शेजारी जायचं नाही. पत्रा तापला की ताणतो, आणि मग फ्लोअर पापडासारखा फुगून पाय ठेवला की आत-बाहेर टुणटुणतो, तो परत सपाट करणं फार अवघड. ग्राइंडिंगनेसुद्धा पत्रा तेवढाच तापतो हे बरेच जण विसरतात. दर आठ-दहा टाक्यांनंतर दार लावून फट बघा, टेपवरचा आकडा बदलला असेल तर तिथेच थांबा आणि का बदलला ते शोधा.

वेल्ड करताना पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघा, बोगद्यातलं इन्सुलेशन चटकन पेटतं. अग्निशामक हाताशी पाहिजे, आणि काम संपल्यावर तासभर तरी गॅरेज सोडून जाऊ नका, आतल्या आत धुमसत असतं. जस्ताच्या प्रायमरचा धूर छातीला वाईट, मास्क लावा आणि हवा खेळती ठेवा, दूध पिऊन काही होत नाही.

झालं की दोन्ही बाजूंनी एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीमसीलर, आणि सगळा रंग झाल्यावर रेलच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण). फ्लोअरच्या खाली पाणी जायला मूळ भोकं आणि रबरी बूच आहेत, ती बंद करून टाकू नका.

बाहेरचे पॅनल, डॉगलेग, रॉकर याच पद्धतीने, फक्त सगळीकडे पत्रा भिडवून. पूर्ण बॉडी वाळूने ब्लास्ट करून आणू नका, बॉनेट आणि छप्पर वाकडं होऊन येतं. रंग चांगल्या माणसाकडे द्या.

इंजिनाला कॉम्प्रेशन चेक, टायमिंग चेन, सील, वॉटर पंप, आणि व्हॉल्व्हचा गॅप गरम इंजिनावर इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी. कार्ब १९७२ पर्यंतचे गोल डोक्याचे एसयू पद्धतीचे हिताची असतील तर तेच ठेवा, साफ करून जुळवले की रस्त्यावरच्या गाडीला त्याहून जास्त काही लागत नाही. १९७३ चे चपट्या डोक्याचे असतील तर ते काढून गोल डोक्याचे शोधा.

आता अपग्रेड. आधी वायरिंग, कारण हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, स्विच तापतो, फ्यूजबॉक्स वितळतो. दोन रिले लावा, मूळ स्विच फक्त रिले चालवेल आणि उजेडही वाढेल. मग इग्निशन, १९७९ ते ८३ च्या २८०झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, त्याच्या बुडच्या माउंटसकट घ्या म्हणजे सरळ बसतो आणि जुन्या डिस्ट्रिब्युटरमधल्या झिजणाऱ्या पॉइंटची कटकट संपते. २४०झेडचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) कॉइलच्या वायरमधून जाणारा करंट मोजतो, त्यामुळे वायर भलतीकडून फिरवली की काटा मरतो, ते आधी डायग्रामवर बघून घ्या. गिअरबॉक्स पाच स्पीडचा, २८०झेड किंवा झेडएक्सचा, हायवेवर फार सुख. क्लचचा कॉलर मात्र प्रेशर प्लेटच्या जोडीतलाच पाहिजे, उंची वेगवेगळी असते, चुकली की गिअरबॉक्स परत खाली उतरवावा लागतो. ब्रेकला टोयोटा पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) पुढच्या चाकांना बसतात, डिस्कमागचं धुळीचं कव्हर थोडं कापावं लागतं, आणि त्याबरोबर झेडएक्सचा १५/१६ इंची मास्टर सिलिंडर घेतला तर पेडल खोल जात नाही. एवढ्यावर थांबलात तर गाडी रोज चालवता येते.

पहिल्यांदा बाहेर काढण्याआधी मागच्या दाराचं आणि टेललाइटचं रबर नवीन टाका. या गाडीत मागून एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो, काचा थोड्या उघड्या ठेवून हायवेवर गेलात तर जास्तच. एका माणसाला रात्री आत टॉर्च घेऊन बसवा आणि तुम्ही बाहेरून मागच्या पॅनलभोवती फिरा, जिथून उजेड बाहेर येईल तिथून धूर आत जाणार आहे. जोडीला पन्नासेक डॉलरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिले काही आठवडे सीटमागे ठेवा.