गाडी विकण्याआधी ट्यूनिंगचं वायरिंग काढताय? या चुका टाळा

इंजिनची ताकद वाढवणारा ट्यूनिंग बॉक्स बसवायचा असतो तेव्हा लोक दहा जणांना विचारतात, रात्र रात्र व्हिडिओ बघतात, आणि गाडी विकायची वेळ आली की तोच बॉक्स टॉर्चच्या उजेडात कटरने छाटून मोकळे होतात. बडोद्यात माझ्याकडे वायरिंगला येणाऱ्या गाड्यांमध्ये हे इतक्या वेळा बघितलंय की आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कापणं. चांगला बॉक्स सेन्सर आणि कंपनीच्या वायरिंगच्या मधे कपलरने, म्हणजे वायरींच्या प्लगने बसतो, डिझेलला बहुतेक रेल प्रेशर सेन्सरवर (इंजिनात जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा), टर्बो पेट्रोलला बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाच्या सेन्सरवर. तो सिग्नल बदलून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, प्रेशर कमी दाखवतो, मग ईसीयू वाढवतो, काम एवढंच. काढायलाही काही लागत नाही. इग्निशन बंद करा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, इंजिन थंड होऊ द्या, लॉक दाबून बॉक्सचे कपलर काढा आणि मूळ कपलर सेन्सरवर टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. लॉक स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, जुन्या गाडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं, तुटलं की कपलर नुसता अडकून राहतो आणि पुढे कधीतरी सैल होतो. आणि सेन्सरला पाना लावायचा नाही, कपलरच काढायचा. कॉमन रेल म्हणजे प्रचंड दाबाने डिझेल भरलेली नळी, तिचं प्रेशर हा खेळ नाही.

पण स्वस्तात बसवलेल्या बॉक्सला कपलरच नसतो, सरळ वायर कापून मधे जोडलेला असतो. दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या मुलाची डिझेल स्विफ्ट अशीच होती, सेन्सरच्या तिन्ही वायरी कापलेल्या. आणंदहून पार्टी गाडी बघायला येणार म्हणून याने आदल्या रात्री बॉक्स काढला, वायरी पिळून जोडल्या, वरून काळी टेप. चेक लाइट नाही, गाडी मस्त चालू, पोरगा खूश. दुसऱ्या दिवशी जुन्या पादरा रोडवर घेणारा चालवतोय, स्पीड ब्रेकरवर गाडी जरा आपटली आणि इंजिन बंद. परत चालू केली, पुढच्या ब्रेकरला परत बंद. "भाई, एन्जिनमां कंईक लोचो छे," म्हणून तो उतरला तो गेलाच.

त्यानंतर गाडी दोन ठिकाणी फिरली, एकाने डिझेल फिल्टर बदलला, दुसरा पंप उतरवायला निघाला होता. माझ्याकडे आली तेव्हा मी स्कॅनरवर रेल प्रेशर लाइव्ह लावलं. आयडलला ३०० बारच्या आसपास आकडा स्थिर, पण सेन्सरजवळची वायर बोटाने हलवली की आकडा कोसळायचा. टेप उलगडली तर मे महिन्याच्या उन्हात तिचा गोंद वितळून सगळं चिकट झालेलं, बॉक्सच्या जुन्या जोडाचा हिरवा थर न खरवडताच वायर पिळलेली, आणि सिग्नलच्या वायरीचे जेमतेम चार-पाच धागे धरून होते. पाच मिनिटांच्या घाईपायी आलेलं गिऱ्हाईक गेलं आणि फिल्टरचे पैसे वर.

मी असे जोड कसे करतो ते सांगतो. स्वच्छ लाल तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापायची, तेवढ्याच जाडीचा तुकडा भरायचा, आणि तिन्ही जोड एकाच जागी न घेता दोन-दोन बोटं मागेपुढे घ्यायचे, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि एकमेकांना चिकटून शॉर्टही होत नाहीत. क्रिम्प (वायर नळीत घालून दाबून केलेला जोड), त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, मग कापडी टेप. इंजिनवर मी सोल्डर करत नाही, जोडाच्या कडेला वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. यावर लोक वाद घालतात, घालू देत. बॉक्सच्या वायरी बऱ्याचदा सगळ्या काळ्याच असतात, म्हणून हात लावण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा, कारण सेन्सरची ५ व्होल्टची लाइन चुकून अर्थला गेली की तिच्यावरचे दुसरे सेन्सरही बोंबलतात आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

दुसरी गोष्ट, ईसीयूत साठलेले बिघाडाचे कोड क्लिअर करून तासाभरात गाडी दाखवणं. हे मला अजिबात पटत नाही. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात आणि साध्या स्कॅनरवरही त्या अपूर्ण दिसतात, घेणाऱ्याचा मेकॅनिक हुशार असेल तर लगेच विचारतो की कालच काय पुसलं? आधी कोड लिहून ठेवा, मग पुसा, मग काही दिवस गाडी रोजच्यासारखी वापरा, सकाळी थंड इंजिनवर चालू करा, एकदा हालोलपर्यंत हायवेला न्या, आणि परत स्कॅन करा.

रिमॅप केलेला असेल, म्हणजे बॉक्सऐवजी ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदललेलं असेल, तर वायर काढून काहीच होत नाही, मॅप ईसीयूच्या आत आहे. ट्यूनरकडून स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ फाइल टाकून घ्या, आणि ती तुमच्याच ईसीयूच्या सॉफ्टवेअर नंबरची आहे ना ते बघून घ्या. घेणाऱ्याला सांगायचंच, टर्बो आणि क्लचवर लोड पडलेला असतो, त्याला कळायला हवं.

बाकीचं पटापट. बूस्ट गेज काढला की त्यासाठी पाइपात घातलेला टी (तीन तोंडांचा जोड) पण काढा आणि पाइप अख्खा नवीन टाका, बूच मारून ठेवलेला टी कधी ना कधी हवा सोडतो. वायरीला चिमटा मारून बसणारे ते स्वस्त टॅप जिथे दिसतील तिथे काढा, ते वायरीचे धागे कापतात. पिवळ्या स्लीव्हच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. म्युझिक सिस्टिमच्या ॲम्पची जाड वायर काढताना आधी बॅटरीजवळचा फ्यूज, आणि फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) भोक ग्रोमेटने, म्हणजे रबरी बुचाने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत. सीएनजी किट काढलं असेल तर आरसीतही बदल करावा लागतो, दरजीपुऱ्याच्या आरटीओची फेरी चुकत नाही.

सगळं झालं की बंद गाडी बॅटरी किती खाते ते बघायला मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याच्या वायरीच्या मधे लावा, गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्या. साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त दाखवत असेल तर फ्यूज एकेक काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाइनवर डॅशबोर्डखाली हात घाला, विसरलेला टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा) नाहीतर ट्रॅकर बहुतेक तिथेच सापडतो.