म्हातारा कोंबडा सांभाळताय? या चुका टाळा

मे महिन्यात आणि मग भर पावसाळ्यात लोक येऊन एकच सांगतात. "काल चांगला होता हो, सकाळी खुराड्यात मरून पडलेला." काल तो चांगला नव्हता. महिनाभर झिजत होता आणि त्या महिन्यात कुणी त्याला हातात घेतलं नव्हतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: लांबून बघून "बरा आहे" म्हणणं. कोंबडा अशक्तपणा दाखवत नाही. दाखवला तर कळपातलेच त्याला टोचून काढतात. त्यात अंगावरची पिसं फुललेली, शेपटी झुपकेदार, पहाटे आरवणंही चालू. आत हाडं राहिली तरी बाहेरून कळत नाही.

आमच्या वाडीत एका घरी असंच झालं. जुना गावठी कोंबडा आणि त्याच्याच पिल्लांतला एक तरणा. सकाळी अंगणात एकाच जागी दाणे टाकायचे. मालकीणबाई सांगत होत्या, "खातो की, माझ्यासमोर खातो." मी उभा राहून पाहिलं. म्हातारा कुक्-कुक् करून कोंबड्यांना बोलवायचा, चोचीत दाणा उचलायचा आणि त्यांच्यापुढे परत टाकायचा. कोंबड्याची ही सवयच असते, तो आधी माद्यांना खाऊ घालतो. त्यात तो स्वतः टिपायला लागला की तरणा धावून यायचा. रात्री दांडीवरून उतरवून गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली तर रिकामी. दिवसभर चरलेल्या पक्ष्याची पिशवी संध्याकाळी भरलेली लागते. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागत होतं.

त्यावर औषध काही दिलं नाही. दाणे दोन जागी टाकायला लावले, एका जागेवरून दुसरी दिसणार नाही अशा. शिवाय संध्याकाळी म्हाताऱ्याला डालग्याखाली एकट्याला मक्याची भरड भिजवून द्यायची. पुढच्या महिन्यात त्याची छाती भरली. तुम्ही आठवड्यातून एकदा रात्री कोंबडा उचला, तेव्हा तो शांत असतो. पिशवी बघा, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस आहे का बघा, तळपाय बघा. एवढंही होत नसेल तर म्हातारा पक्षी ठेवू नका.

दुसरी चूक ऐकली की माझा जीव जळतो. पायाला रॉकेल. म्हाताऱ्या कोंबड्याच्या पायावरचे खवले उचलले जातात, खाली पांढरट भुशासारखा थर साचतो, पाय जाड दिसतो. डोळ्यांना न दिसणारे किडे खवल्यांखाली बिळं करून राहतात, त्यामुळे हे होतं. मग कुणीतरी सांगतं, रॉकेलमध्ये पाय बुडव, एका दिवसात साफ. एका शेजाऱ्याने डिझेल लावलं होतं. माझ्याकडे आणला तेव्हा कातडी भाजून सोललेली, कोंबडा पाय टेकवत नव्हता. किडे राहिले बाजूला, आधी ती जखम भरण्यातच कितीतरी दिवस गेले.

कोमट पाण्यात पाय भिजवा, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, कोरडे करा आणि खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन खवल्यांत मुरेल असं चोळा. तेलाने किडे गुदमरतात. दोन-तीन दिवसांआड, काही आठवडे नेटाने. खवले नखाने ओढायचे नाहीत, नवे यायला महिने लागतात. बाकीच्या कोंबड्यांचे पायही त्याच दिवशी करा आणि दांड्या घासून धुवा, नाहीतर किडे परत येतात. इतकी सबुरी नसलेला माणूस तिसऱ्या दिवशी नवा उपाय शोधतो आणि पक्ष्याचे हाल करतो. बरं वाटेना तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. इंजेक्शनचं औषध वजनावर ठरतं, ते अंदाजाने घरी देऊ नका.

पायामागचा काटा पकडीने तोडू नका, पिळून उपटूही नका. आत हाड आहे, रक्त वाहतं. टोक कानशीने थोडं थोडं घासा.

दांडी उंच ठेवू नका. म्हातारा पक्षी पहाटे उंचावरून कोब्यावर उडी मारतो, तळव्याला इजा होते, आत पू धरतो आणि वर काळी खपली येते. ती ब्लेडने कोरायची नाही. दांडी दीड फुटावर, दोन इंच रुंद, कडा गोल केलेली, खाली भाताचं तूस.

अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य त्याला नको. त्यात कवचासाठी 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असतं, कोंबड्याला 1 टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडाला बाहेर टाकावं लागतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, माद्या हवा तेवढा खातील.

पिसं झडताना औषधं देऊ नका, शेंगदाण्याची पेंड वाढवा. मे महिन्यात दुपारी त्याला पकडायला धावू नका, सावलीत गार पाणी ठेवा. तुरा जांभळा पडला तर वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि म्हातारा झाला म्हणून मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस बंद करायची नसते.

शेवटचं, पिल्लं निघाली नाहीत म्हणून खुडूक (अंड्यांवर बसलेल्या) कोंबडीला दोष देण्याआधी कोंबड्याचं वय बघा. अंडी बसवल्यावर सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर फळलेलं. बहुतेक अंडी स्वच्छ दिसली तर कोंबडी बदलून काही होणार नाही. तरण्या कोंबड्याला आठ-दहा माद्या चालतात, म्हाताऱ्याजवळ चार-पाचच ठेवा. बाकीच्या तरण्याकडे सोडा, आणि मध्ये जाळी लावा.