पॅरिसचं लॅटिन क्वार्टर: नदीपासनं चढत जावा

आमच्या बेळगावातनं पोरांना पॅरिसला कॉलेजात सोडायला जाणारे आता बरेच आहेत, त्यातले दोन-तीन जण विचारत होते की लॅटिन क्वार्टरात, म्हणजे तिथल्या जुन्या कॉलेजांच्या भागात, बघायचं काय, म्हणून सविस्तर लिहितोय.

शार्ल द गोल एअरपोर्टवरनं आरईआर बी ही लोकल ट्रेन थेट सेन नदीकाठच्या सँ-मिशेल स्टेशनला येते, तिथं उतरायचं आणि पुढं चालतच जायचं, कारण गल्ल्यातली मजा बसमधनं कळत नाही. पहिलं शा-की-पेश नावाचं बोळ शोधा, रुंदी जेमतेम १.८ मीटर, हात पसरला की दोन्हीकडं भिंत लागते. बाजूच्या उशेत गल्लीत हॉटेलवाले बोलवत असतात, तिथं जेवू नका, महाग आहे आणि चव नाही. पाण्याची बाटलीपण विकत घेऊ नका, हिरवे लोखंडी वॉलेस फाउंटन दिसतात त्यांचं पाणी फुकट आणि पिण्याचं आहे.

मग सँ-जाक रस्त्यानं वर चढा, हा रोमन काळातला रस्ता. वर सॉर्बॉन लागतं. रॉबेर द सॉर्बाँनं १२५७ मध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या गरीब पोरांसाठी ते कॉलेज काढलं, लांबलांबनं आलेली ही पोरं, प्रत्येकाची घरची बोली वेगळी, पण वर्गात सगळ्यांची लॅटिन, त्यावरनंच ह्या भागाला नाव पडलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्लिश असं वाढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही बघा.

शेजारीच कॉलेज द फ्रान्स आहे, १५३० चं. तिथं ज्यूल ब्लॉक प्रोफेसर होते, मराठी भाषा कशी घडली यावर त्यांनी फ्रेंचमध्ये आख्खा ग्रंथ लिहिला, १९२० मध्ये छापून आला. मला हे कुठल्या गाईडनं सांगितलं नव्हतं, आधी वाचलेलं आठवलं आणि त्या गेटसमोर मी बराच वेळ नुसता उभा राहिलो, डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. तुम्हीपण दोन मिनिटं थांबा.

टेकडीच्या माथ्यावर पँथेऑन, फ्रान्सच्या थोर माणसांच्या समाध्यांची इमारत, तिकीट आहे पण मेरी क्युरींची समाधी तिथं आहे म्हणून मुलींना जरूर न्या. मागं म्यूफतार रस्त्यावर भाजी, चीज, मासळीचा बाजार, आपल्या शनिवारच्या बाजारासारखी सकाळीच मजा, सोमवारी मात्र जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

पाय दुखले तर आरेन द ल्युतेसमध्ये बसा, रोमनांचं रंगस्थळ, फुकट, दगडी पायऱ्या, आणि खाली म्हातारी माणसं लोखंडी गोळे टाकून पेतांक खेळत असतात. शेवटी १९२६ च्या मोठ्या मशिदीच्या अंगणात पुदिन्याचा गोड चहा घ्या, छोट्या काचेच्या ग्लासात देतात, चिमण्या पार टेबलावर येऊन गोडाचा चुरा टिपतात. परतायला प्लास मोंजची मेट्रो जवळ पडते, लाईन ७.