बाळाचा कान दुमडलेला असेल, तर सव्वा महिना थांबू नका

"राहू दे गं, मोठा झाला की होईल सरळ." दुमडलेल्या कानाचं बाळ घरी आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. काही कान पहिल्या आठवड्यात उलगडतातही. बाकीच्यांना मात्र ही वाट पाहणंच नडतं. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे जन्मतः कानाची कूर्चा मऊ असते, ते ओसरलं की ती ताठर होत जाते. कानाला आकार देणारा साचा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बसवावा लागतो. सहा आठवड्यांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि आपल्याकडे, साताऱ्यात काय नि सांगलीत काय, बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाही. म्हणजे नेमके कामाचे दिवस घरातच जातात.

बोटानं हलकेच कान सरळ करून पाहा. नेहमीसारखा दिसला, तर भाग सगळे आहेत, फक्त घडी पडलीय. साचा चालण्याची शक्यता चांगली. घरी चिकटपट्टी लावू नका, कोवळी कातडी सोलवटते. घट्ट टोपड्यानंही कान वळत नाही.

कानाचा भागच कमी असेल, भोक बंद असेल, तर गोष्ट वेगळी. अशा अपुऱ्या राहिलेल्या कानाला मायक्रोशिया म्हणतात. इथं सगळे दिसण्याचीच चिंता करतात, ऐकण्याचं कुणी विचारत नाही. आतला कान बहुधा शाबूत असतो, आवाजच तिथवर पोचत नाही. "दुसरा कान चांगला आहे की" म्हणून थांबू नका. दोन्ही कानांची बेरा तपासणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी चाचणी, तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी. गरज पडल्यास हाडातून आवाज पोचवणारं यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर बसवता येतं. साताऱ्याच्या सिव्हिलला किंवा सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात विचारा. बरगडीच्या कूर्चेचा कान साधारण सहा ते दहा वर्षांच्या वयात करतात, त्याआधी बरगडी पुरत नाही.

ग्रहणात सुनेनं विळी हातात धरली म्हणून असं झालं, हे तर बंदच करा. त्या बाईला आधीच झोप नाही.

कानापुढच्या मांसाच्या गाठीला केस बांधून ती पाडू नका, आत कूर्चा असू शकते. तिथलं बारीक छिद्रही दाबू नका. सुजलं किंवा पू आला तर डॉक्टरांकडे जा. बाराव्या दिवशी कान टोचायला सोनार आला, तर लहान राहिलेल्या कानाला हात लावू देऊ नका: पुढच्या शस्त्रक्रियेला तिथली कातडी अखंड लागते.