एंट्री फॉर्म ग्राहकाकडे नेण्याआधी

उद्या ग्राहकाकडे विंडोज फॉर्म्सचा (विंडोजवरचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) नवा एंट्री स्क्रीन बसवायचा असेल, तर आज संध्याकाळी माऊस काढून बाजूला ठेवा. काउंटरवर दिवसभर एंट्री मारणारा माणूस माऊसला सहसा हात लावत नाही. टॅब दाबत खाली या. एखादा टेक्स्टबॉक्स मागाहून टाकलेला असतो, त्याचा टॅबइंडेक्स (टॅबने जायच्या क्रमातला नंबर) शेवटचा राहतो, आणि कर्सर नावावरून पत्त्याला जाण्याऐवजी थेट तळ गाठतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण नेमकं तेच राहून जातं.

मग की-प्रेसचे हँडलर, म्हणजे कळ दाबल्याच्या इव्हेंटवर चालणारा कोड, उघडा. इथे वेळ काढून बसा. रकमेच्या खान्यात फक्त आकडे यावेत म्हणून आपण इझडिजिट (हे चिन्ह अंक आहे का, ही तपासणी) लावतो आणि बाकी सगळं अडवतो. बॅकस्पेससुद्धा की-प्रेसमधूनच येतो, त्यामुळे इझकंट्रोलला (बॅकस्पेससारख्या कंट्रोल कळींना) सूट दिली नसेल तर चुकलेला आकडा त्याने खोडताच येत नाही. त्याहून छुपी भानगड मराठी कीबोर्डची. '५' हा इझडिजिटच्या लेखी आकडाच आहे, कारण त्याला युनिकोडमधल्या सगळ्या लिप्यांचे अंक चालतात. मजकुराची संख्या करणाऱ्या इंट-पार्सला मात्र फक्त इंग्रजी आकडे कळतात. दारावर वॉचमनने आत सोडलं आणि साहेबांनी केबिनमधून हाकललं, तशी गत. देवनागरी अंक तिथल्या तिथे इंग्रजीत बदलून घ्या किंवा दारातच अडवा. पण दोन्हीकडे नियम एकच ठेवा.

नावाच्या खान्यात इझलेटर (फक्त अक्षरंच घेणारी तपासणी) लावलंय का, तेही बघा. एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीत मी ते लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमचा फोन: "सर, श्रीकांत टाइप केलं की शरकत येतंय." युनिकोडमध्ये काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत, माझ्या कोडने ती एकेक करून गिळली होती. मॅक्सलेंग्थही (खान्यात किती चिन्हं मावतील ती मर्यादा) याच हिशेबाने तपासा. 'श्रीकांत' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, टेक्स्टबॉक्स त्याचे आठ मोजतो. नावाला वीसची मर्यादा म्हणजे आडनावाचा निम्मा भाग बाहेर.

एवढं करूनही की-प्रेसवर विसंबू नका. राइट क्लिक करून पेस्ट केलं तर तो इव्हेंट येतच नाही. एकदा एक्सेलमधून रक्कम उचलून पेस्ट करून बघा. खरी तपासणी व्हॅलिडेटिंगमध्येच, म्हणजे खाना सोडताना येणाऱ्या तपासणीच्या इव्हेंटमध्येच हवी. की-प्रेस ही फक्त टाइप करणाऱ्याची सोय. आणि ती तपासणी लॉस्टफोकसमध्ये (कर्सर खान्यातून गेल्याचा इव्हेंट) लिहिली असेल तर आत्ताच हलवा. टॅबने बाहेर पडलं की लीव्ह, व्हॅलिडेटिंग, व्हॅलिडेटेड आणि मग लॉस्टफोकस असा क्रम असतो. माऊसने दुसरीकडे क्लिक केलं की लॉस्टफोकस आधीच येऊन जातो. कोडिंग करताना आपण माऊस वापरतो, ग्राहक टॅब, आणि मग "माझ्याकडे तर चालतंय" सुरू होतं.

व्हॅलिडेटिंगमध्ये कॅन्सल ट्रू केलं की माणूस त्या खान्यात अडकतो. म्हणून 'रद्द करा' बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन (त्यावर जाताना तपासणी करायची का, ती सेटिंग) फॉल्स केलंय ना, ते बघा. कोपऱ्यातल्या फुलीने फॉर्म बंद होतो का, तेही बघा. होत नसेल तर फॉर्मक्लोझिंगमध्ये कॅन्सल परत फॉल्स करावं लागतं. उलटा घोळ टूलस्ट्रिपवरच्या (बटणांच्या पट्टीवरच्या) सेव्हचा. ते बटण फोकस घेत नाही, त्यामुळे शेवटच्या खान्याचं व्हॅलिडेटिंग होतच नाही आणि डेटाबाइंडिंग (खाना थेट डेटाला जोडलेला) असेल तर जुनीच रक्कम सेव्ह होते. सेव्हच्या पहिल्याच ओळीत फॉर्मचं व्हॅलिडेट बोलवा.

कॉम्बोबॉक्सला (यादीतून निवडायच्या खान्याला) सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड, म्हणजे निवड बदलल्याचा इव्हेंट, लावला असेल तर तो डेटासोर्सने यादी भरतानाही उडतो. ग्राहकाने स्वतः निवडलेलंच पकडायचं असेल तर सिलेक्शनचेंजकमिटेड वापरा.

ग्राहकाकडे बारकोड स्कॅनर असेल तर एक सोबत घेऊनच टेस्ट करा. कॉम्प्युटरच्या लेखी तो बहुधा कीबोर्डच असतो, आणि कोडच्या शेवटी एंटर पाठवायची सेटिंग बऱ्याचदा चालूच असते. फॉर्मचं ॲक्सेप्टबटण (एंटर दाबल्यावर चालणारं बटण) सेव्हला जोडलेलं असलं की पहिली वस्तू स्कॅन करताच बिल सेव्ह. आता माऊस परत लावा आणि सेव्हवर पटापट दोनदा क्लिक करा. सुरुवातीला बटण डिसेबल आणि शेवटी इनेबल केलंय, म्हणून निर्धास्त राहू नका: डेटाबेसचं काम स्क्रीन चालवणाऱ्या त्याच थ्रेडवर चालू असेल तर दुसरा क्लिक रांगेत थांबतो आणि बटण इनेबल होताच लागू पडतो. ते काम अवेट लावून, म्हणजे स्क्रीन न अडवता करा, मग पुन्हा दोनदा क्लिक करा आणि टेबलात ओळी किती पडल्या ते मोजा.