पावसात उभ्या लोखंडाला गॅल्व्हनायझिंग करताना एवढं बघा

बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशन करून खानापूर साइडला टाकीचे स्टँड, शिड्या, कन्व्हेयरच्या फ्रेम पाठवणार असाल तर नुसत्या रेड ऑक्साइडच्या लाल रंगावर भागत नाही बघा, तिकडचा पाऊस म्हणजे पाऊसच, तिथं हॉट डिप गॅल्व्हनायझिंगच पाहिजे, म्हणजे लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवलेला. आणि "जीआय केलंय", म्हणजे जस्ताचा थर दिलाय, एवढ्यावर माल उचलू नका. विजेनं चढवलेला, इलेक्ट्रोप्लेटिंगचा थर जेमतेम ५ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतोय, चकाचक दिसतोय पण बाहेर टिकत नाही. हॉट डिपमध्ये ६ एमएमच्या वरच्या जाडीला सरासरी ८५ मायक्रॉन यायला पाहिजे, थराची जाडी मोजायचा गेज लावून चार-पाच ठिकाणी मोजून घ्या, लाजायचं कशाला.

सगळ्यात महत्त्वाचं, पाइप दोन्ही टोकांनी वेल्ड करून बंद केलेला असेल तर होल मारल्याशिवाय डिपिंगला पाठवूच नका. जस्त साधारण ४५० डिग्रीला असतंय, आतल्या पाण्याची वाफ झाली की पाइप बाँबसारखा फुटतोय आणि शेजारी उभा असलेला माणूस भाजतोय.

वेल्डिंग, ड्रिलिंग सगळं आधीच उरकून घ्या. नंतर साइटवर वेल्डिंग करावंच लागलं तर तिथला जस्त जळून जातोय, मग ती जागा वायर ब्रशनं घासून झिंक-रिच, म्हणजे भरपूर जस्त असलेला पेंट मारा, चंदेरी ॲल्युमिनियम पेंट नव्हे, तो नुसता दिसायला.

नवा माल ओल्यात एकावर एक रचून ताडपत्रीत गुंडाळला की पांढरी भुकटी धरतीय, म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या घालून जरा तिरका ठेवा, वारं खेळलं पाहिजे.